एका पंगतीची शाळा



कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांना विद्यार्थिदशेत कोल्हापूरचे वसतिगृह सोडावे लागले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातील समारंभाहून परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला होता. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह, एकच पंगत मांडली. मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही दिले. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तेथे गरिबाच्या मुलाने शुल्काऐवजी श्रम द्यावेत, हेच ‘कमवा व शिका’. जैन परंपरेतील आहारदान व ज्ञानदान तेथे एका छपराखाली नांदले, आणि घेणाऱ्याची जात कोणी विचारली नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक न्यासाने आपले दान याच कसोटीवर घासून पाहावे.