चुकीची शिकवण आणि पाळकाचे मौन



येत्या काही आठवड्यांत तुमच्यापैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या मंडळीत सहायक पाळक म्हणून रुजू व्हाल. तिथे लवकरच एक रविवार असा येईल, की पुलपिटवरून कोणी पाहुणा उपदेशक, कदाचित तुमचेच वरिष्ठ, शास्त्राला धरून नसलेले काही सांगतील आणि लोक मोठ्याने ‘आमेन’ म्हणतील. त्या वेळी तुम्ही काय करणार? आपल्या समाजात याची दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणजे वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडू नये, मंडळीत फूट पडते, बाहेरचे लोक हसतात. दुसरे म्हणजे भांडून बाहेर पडावे आणि पुढच्या गल्लीत नवी मंडळी थाटावी. या दोन्ही उत्तरांनी आपले फार नुकसान केले आहे. माझे मत आधीच सांगतो. चुकीची शिकवण चारचौघांत दिली गेली आणि तिचा मार दुबळ्या माणसावर बसत असला, तर तिला उत्तरही चारचौघांतच द्यायला हवे, आणि त्याची किंमत उत्तर देणाऱ्याने स्वतः मोजायला हवी.

अंत्युखियातला प्रसंग तुम्ही पहिल्या वर्षीच अभ्यासलात. पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. याकोबाकडची माणसे आली आणि तो मागे सरला. बर्णबासुद्धा त्याच्या मागे गेला. पेत्राने एकही चुकीचे वाक्य उच्चारले नव्हते, उपदेश केला नव्हता. तो फक्त पंगतीतून उठला. तरी पौलाने त्याला सर्वांसमक्ष जाब विचारला. बाजूला बोलावून सांगितले असते तर पेत्र कदाचित ओशाळला असता आणि विषय मिटला असता. पण पंगतीत मागे उरलेल्यांचे काय? आपण दुय्यम आहोत हे त्यांना सगळ्यांदेखत शिकवले गेले होते. ते खोडायचे तर सगळ्यांदेखतच खोडावे लागणार होते.

त्याच नव्या करारात अपुल्लोचीही हकिगत आहे. उत्तम वक्ता, पण त्याला योहानाच्या बाप्तिस्म्यापलीकडे ठाऊक नव्हते. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला आपल्याकडे नेऊन नीट समजावले. त्याचे ज्ञान अपुरे होते, पण त्याच्यामुळे कोणी उपाशी राहिले नव्हते, कोणाचा अपमान झाला नव्हता. उघड बोलायचे की घरी बोलवायचे, हा निर्णय बोलणाऱ्याच्या स्वभावावर सोडू नका. इजा कोणाला होते आहे, हे आधी पाहा.

आता मी तुम्हाला दक्षिण आफ्रिकेत नेतो, कारण मौनाचा हिशेब तिथे पिढ्यांच्या मापाने मांडलेला दिसतो. 1857 साली केपमधल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडपुढे प्रश्न आला: नव्याने ख्रिस्ती झालेल्या काळ्या आणि मिश्रवंशीय लोकांनी गोऱ्यांबरोबरच उपासनेला आणि प्रभूभोजनाला बसायचे का? सिनॉडने मान्य केले की शास्त्राप्रमाणे त्यांनी एकत्रच बसावे. पण काहींच्या दुबळेपणामुळे कामाला अडथळा येत असेल, तर त्यांच्यासाठी वेगळ्या इमारतीत सोय करायला हरकत नाही, असेही ठरवले. ते ‘काही’ कोण होते? प्याला वाटून घ्यायची लाज वाटणारे गोरे. सत्य काय आहे ते ठरावातच लिहिलेले होते, आणि तरीही त्याच ठरावाने ते बाजूला ठेवले. 1881 साली मिश्रवंशीयांसाठी वेगळे मिशन चर्च निघाले. सवलतीची रूढी झाली, आणि रूढीला पुढे शास्त्रवचनांचा आधार शोधला गेला. बाबेलच्या बुरुजाची कथा वंशभेदाच्या समर्थनासाठी सांगितली जाऊ लागली. 1948 साली अपार्थाइडचे सरकार आले तेव्हा त्याचे पंतप्रधान मालान हे याच चर्चचे माजी पाळक होते.

मार्च 1960 मध्ये शार्पविलला पोलिसांनी 69 काळ्या निदर्शकांना मारले. त्याच डिसेंबरात जोहान्सबर्गमधल्या कॉट्सलो येथे चर्चचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी काही भेदभाव शास्त्राविरुद्ध असल्याचे मान्य केले. पंतप्रधान फर्वूर्ट संतापले आणि सिनॉडांनी आपल्याच प्रतिनिधींचा शब्द नाकारला. त्या प्रतिनिधींमध्ये बेयर्स नॉदे नावाचा एक पाळक होता. मोठ्या मंडळीचा, सत्ताधारी वर्तुळात वावरलेला. त्याने शब्द मागे घेतला नाही. चर्चने त्याला पाळकपद किंवा त्याने वंशभेदाविरुद्ध उभारलेली ख्रिस्ती इन्स्टिट्यूट यांपैकी एक निवडायला सांगितले. सप्टेंबर 1963 मध्ये त्याने आपल्या मंडळीपुढे उभे राहून निवड जाहीर केली: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मोठी. त्याचे पाळकपद गेले. पुढे 1977 पासून सात वर्षे सरकारने त्याच्यावर बंदीहुकूम बजावला. ज्यांना पंगतीतून उठवले होते, त्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये तो सामील झाला.

1982 साली ओटावा येथे जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चेसनी अपार्थाइडचे धर्मशास्त्रीय समर्थन हे पाखंड असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी केपटाऊनजवळच्या बेलहार उपनगरात मिशन चर्चच्या सिनॉडने एका कबुलीनाम्याचा मसुदा तयार केला आणि 1986 साली तो स्वीकारला. त्याच्याबरोबर जोडलेले पत्र मला फार मोलाचे वाटते. हा विरोध कोणा व्यक्तींशी नसून खोट्या शिकवणीशी आहे, असे त्यात ते सांगतात. एकशे पंचवीस वर्षे ज्यांना वेगळ्या इमारतीत बसवले, त्यांनी हे लिहिले. 1990 मध्ये रुस्टेनबर्गच्या परिषदेत विली योंकर या डच रिफॉर्म्ड धर्मशास्त्रज्ञाने उघडपणे अपराध कबूल केला आणि आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी ती कबुली स्वीकारली. कॉट्सलोनंतर तीस वर्षांनी. त्या तीस वर्षांत किती माणसे तुरुंगात गेली, किती घरे उठवली गेली. 1961 मध्येच सिनॉड बोलले असते तर!

आपल्याकडे याची आठवण काढायचे कारण तुम्हाला सांगायला नको. गोव्यातल्या काही गावांत कॉन्फ्रारियांचे, म्हणजे चर्चमधल्या बंधुसंघांचे, सभासदत्व आणि फेस्ताचे मान पिढ्यान्‌पिढ्या जातीवर ठरत आले. इकडे आपल्या मंडळ्यांत लग्नाचा विषय निघाला की ‘पूर्वीचे कोण?’ हा प्रश्न आजही हळूच विचारला जातो. आपण त्याला सामाजिक रीत म्हणतो. बाप्तिस्म्याने जे एक झाले ते वेगळे मोजणे ही चुकीची शिकवणच आहे, मग ती पुलपिटवरून दिलेली असो की जेवणाच्या टेबलावर.

दुसरी चूक तर सरळ जीव घेते. प्रार्थनासभेत कोणी मधुमेहाच्या बाईला सांगतो, इन्सुलिन बंद कर, तुझा विश्वास दिसू दे. ती घरी जाऊन इंजेक्शनची पेटी कपाटात ठेवून देते. किंवा मूल गमावलेल्या आईला सांगितले जाते की तुझा विश्वास कमी पडला. अशा वेळी समितीच्या पुढच्या बैठकीची वाट पाहू नका. वक्त्याला आधी भेटलेच पाहिजे, हा नियमही इथे लावू नका. त्याच संध्याकाळी त्या बाईच्या घरी जा, इन्सुलिन पुन्हा सुरू करायला सांगा, तिला डॉक्टरकडे न्या. आणि पुढच्या रविवारी त्याच लोकांपुढे स्पष्ट सांगा की ही शिकवण येशूची नाही. लोक रागावतील. वर्गणी कमी होईल. होऊ द्या.

मात्र प्रत्येक प्रश्नाला चुकीची शिकवण ठरवणारे पाळकही मी पाहिले आहेत, आणि त्यांची मला तितकीच भीती वाटते. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि लगेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्रैक्याविषयी, अथनासियाच्या मतांगीकाराविषयी, धर्मगुरूंच्या अधिकाराविषयी. शास्त्रात दाखवा, मग मानीन, हा त्यांचा हट्ट. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांना परोपरीने समजावत, कधी कठोरपणे झापत. दोघी एकमेकींना दुखावत राहिल्या, तरी पत्रव्यवहार तुटला नाही. रमाबाई पत्रात त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. ती पत्रे पुढे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 साली छापली. तुमच्या ग्रंथालयात असतील तर जरूर वाचा. याच बाईंनी नंतर हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे पवित्र शास्त्र मराठीत आणले, आणि केडगावच्या मुक्तीसदनातल्या स्त्रियांनी ते छापले. वाँटेजने त्यांना पाखंडी ठरवून दार लावून घेतले असते तर आपण किती गमावले असते! रमाबाईंच्या प्रश्नांनी कोणाचे ताट हिरावले नव्हते. त्या स्वतःच भुकेल्या होत्या.

तेव्हा विरोध करण्याआधी समोरच्याचे पूर्ण ऐका. त्याने काय म्हटले ते त्याच्याच शब्दांत लिहून काढा आणि जमल्यास त्यालाच दाखवा: तुमचे म्हणणे हेच ना? निम्म्या वेळा वाद तिथेच संपतो. आणि उरलेल्या वेळी तुम्ही उभे राहाल तेव्हा निदान खोट्या पुतळ्याशी लढत नसाल.

एक काम आजच उरकायचे आहे. घरी जाण्याआधी या वर्गातले दोन-तीन सोबती निवडा, शक्यतो तुमच्याशी वाद घालणारे. वर्षातून एकदा तुमचा उपदेश त्यांना पूर्ण ऐकवायचा आणि त्यात शास्त्राबाहेरचे काय आहे ते त्यांनी तुम्हाला सांगायचे, असा करार त्यांच्याशी करा. पदवी मिळाल्यावर तुम्हाला कोणी टोकणार नाही. सगळे ‘पाळकसाहेब’ म्हणतील. बाहेर चहाची व्यवस्था आहे. तिथेच त्यांना गाठा.