शेजारची फवारणी आणि रेशमाची अळी



बदनापूर म्हटलं की इथलं कडधान्य संशोधन केंद्र आणि तूर आठवते. पण आपल्या जिल्ह्यात आता कापसाच्या बांधाला लागून तुतीही दिसते. २०१८ साली जालन्याच्या बाजार समितीत कोष बाजार सुरू झाला आणि कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जाण्याचा फेरा वाचला. म्हणूनच आज एका चोरपावलाने येणाऱ्या नुकसानीबद्दल बोलायचं आहे.

अळ्या रोगट दिसत नाहीत. पाला भराभर खातात, जाड होतात. पण कोष करायची वेळ आली तरी विणत नाहीत. नुसत्या खात राहतात आणि शेवटी मरतात. महिनाभराची मेहनत वाया! असं का होतं?

त्यासाठी अळीचं रक्त समजून घ्यावं लागेल. ते लाल नसतं, आपल्यासारख्या शिरांच्या जाळ्यातून वाहत नाही. शरीराच्या पोकळीत भरलेलं असतं. मेंदूमागच्या दोन बारीक ग्रंथींतून त्यात एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन, पाझरतं. आपण त्याला बालरस म्हणू. हा रस आहे तोवर कात टाकली तरी अळी ही अळीच राहते, फक्त मोठी होते.

बालरस असतो तेलकट. पाण्यासारख्या रक्तात तो नीट विरघळत नाही. तेल ओंजळीत घेऊन बाजाराला नेता येत नाही, बुधली लागते. रक्तातलं एक वाहक प्रथिन ही ती बुधली. ते बालरसाला पोटात घेतं, अवयवांपर्यंत पोचवतं आणि त्याला फोडणाऱ्या विकरांपासून वाटेत जपतं.

रेशमाची अळी ४ वेळा कात टाकून पाचव्या अवस्थेत येते. तेव्हा ग्रंथी बालरस सोडणं थांबवतात, विकरं वाढतात आणि उरलासुरला रस फोडून टाकतात. मग कात टाकायला लावणारं दुसरं संप्रेरक वाढतं आणि अळी विणायला लागते. म्हणजे बालरस वेळेवर संपला तरच कोष!

आता घोटाळा पाहा. कापसावरच्या पांढऱ्या माशीसाठी पायरीप्रॉक्सीफेन हे औषध वापरतात. ते बालरसाची नक्कल करतं. पण त्याची घडण वेगळी, म्हणून बालरस फोडणाऱ्या विकरांना ते फुटत नाही. वाऱ्याने तुतीवर आलं की अळीला वाटतं, अजून लहानपण सरलेलं नाही. उत्तर इटलीत फळबागांवरच्या फेनॉक्सीकार्ब या अशाच औषधाने रेशीम उत्पादकांचं मोठं नुकसान झालं होतं.

आणि याला मात्रा फार लागत नाही. १९५४ साली जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन या शास्त्रज्ञांनी ५०० किलो रेशीम कोषांतल्या किड्यांपासून कात टाकायला लावणारं संप्रेरक वेगळं केलं. हाती आलं अवघं २५ मिलिग्रॅम! इतक्या थोडक्यावर अळीचं सगळं आयुष्य चालतं.

तेव्हा एवढं करा:

१. शेजाऱ्याला आधीच भेटा. काय फवारणार, कधी फवारणार, विचारा. डब्यावरचं नुसतं कंपनीचं नाव पाहू नका, घटकाचं नाव वाचा.

२. वारा तुतीकडे वाहत असेल तर फवारणी थांबवावी.

३. कापसाचा पंप तुतीला वापरू नये. तुतीसाठी पंप वेगळाच ठेवावा.

४. कापसाच्या बाजूला मका किंवा कडवळाच्या दाट ओळी पेरून आडोसा करावा.

५. चार अळ्यांना पाला घालून एक दिवस पाहण्याची आपली रीत विषारी औषधाला ठीक. इथे ती फसते. अळी मरत नाही, उलट छान खाते. म्हणून संशय आलेल्या ओळींचा पाला घालूच नये.

अळ्या विणत नसल्या की दर वेळी दोष फवारणीचाच, असं मात्र नाही. उष्णता आणि रोगांमुळेही तसं होतं. अंग सुजलेलं, पिवळट दिसलं आणि दुधासारखं पाणी निघालं तर तो ग्रासरी रोग समजा. शंका असेल तर अळ्या टाकून देण्याआधी रेशीम कार्यालयात दाखवा.

कापूसही आपलाच, तुतीही आपलीच. फवारणीआधी बांधावर दोन शब्द बोलून घेतले, तर दोघांचंही पीक घरात येईल.