लहान विमानतळ आणि उतारूचें शुल्क



रत्नागिरी शहराबाहेर मिरजोळ्याच्या सड्यावर एक धावपट्टी आहे. ती भारतीय तटरक्षक दलाच्या ताब्यांत असून किनाऱ्यावर टेहळणी करणारीं विमानें तेथून ये-जा करतात. विमानाची घरघर ऐकूं आली म्हणजे आमच्या आळींतलीं मुलें अंगणांत धांवत येतात, आणि मला हटकून विचारतात, ‘गुरुजी, ह्या विमानांत आपल्याला कधीं बसतां येईल हो?’ अलीकडच्या वर्षांत उतारूंसाठीं इमारत बांधण्याचें काम हातीं घेतलें गेल्यापासून हा प्रश्न मुलांपुरता राहिलेला नाहीं. मुंबईस नोकरी करणारे चाकरमानी, आंब्याचे बागाइतदार आणि आजाऱ्याला घेऊन मुंबईचा रस्ता धरावा लागणारीं कुटुंबें, सर्वच तो विचारूं लागलीं आहेत.

विमान केव्हां येईल हें मी सांगूं शकत नाहीं. मी विमानविद्येचा जाणकार नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि मुलांना अंकगणित शिकविण्यांत आयुष्य घालविलेला एक निवृत्त शिक्षक आहें. परंतु त्या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो माझ्या विषयांतला आहे. धावपट्टीवरचे दिवे, अग्निशामक गाडी, सामान तपासण्याचें यंत्र, पावसाळ्यांत टिकेल असें छप्पर, ह्या सर्वांचा खर्च कोणीं करावयाचा? सरकारी तिजोरीनें, विमान कंपनीनें, कीं तिकीट काढणाऱ्या उतारूनें? आज ह्या तिसऱ्या पर्यायाविषयीं चार शब्द बोलावे असा माझा विचार आहे.

उतारूकडून पैसे घेऊन वाहतुकीचीं साधनें उभीं करणें ही कोकणाला नवी गोष्ट नाहीं. कोकण रेल्वेचेंच उदाहरण घ्या. तिच्यासाठीं १९९० सालीं स्वतंत्र महामंडळ स्थापन झालें. भागभांडवलांत केंद्राच्या रेल्वे खात्याचा वांटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकीं ६ टक्के. बाकीचा बराचसा पैसा कर्जरोख्यांनीं उभा केला गेला. तें कर्ज फेडण्यास हातभार लागावा म्हणून भाडेआकारणींत एक युक्ति योजण्यांत आली. उतारूंच्या भाड्यासाठीं ह्या मार्गावरचें अंतर प्रत्यक्षापेक्षां ४० टक्क्यांनीं अधिक धरलें गेलें. म्हणजे गाडी १०० किलोमीटर धांवली तरी भाडें १४० किलोमीटरांचें. १९९८ च्या जानेवारींत ७४१ किलोमीटरांचा सबंध मार्ग खुला झाला, आणि त्यानंतर वर्षानुवर्षें आपण कोकणवासी हें वाढीव भाडें भरीत आलों. डब्यांत शेजारीं बसलेल्या किती उतारूंना हें ठाऊक होतें? फारच थोड्यांना. आपण डोंगर फोडण्याच्या कामाला वर्गणी देत आहोंत, हें देणाऱ्यालाच माहीत नव्हतें.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीची गोष्ट याच्या उलट आहे. वासिष्ठीच्या खाडीवर २००३ सालापासून ही बोट चालते. उतारू रोख पैसे मोजतो आणि दहा मिनिटांत पलीकडच्या तीरावर उतरतो. नाहींतर चिपळूणचा मोठा वळसा त्याला पडला असता. तेथें भाड्याबद्दल कुरकुर क्वचितच ऐकूं येते. कारण दिलेला पैसा आणि मिळालेली सोय ह्या दोन्ही गोष्टी उतारूच्या डोळ्यांसमोर एकाच वेळीं असतात.

आतां विमानाकडे वळूं. विमानाच्या तिकिटांत भाड्याखेरीज दुसऱ्या कांहीं रकमा असतात. त्यांतली एक सुरक्षेची. अंतर्देशीय प्रवासासाठीं ती २०१९ सालीं दरडोई १५० रुपये होती आणि २०२१ च्या एप्रिलपासून २०० रुपये झाली. दुसरी रक्कम विमानतळ वापरल्याबद्दलची. तिला वापरकर्ता-विकासशुल्क असें लांबलचक नांव आहे. मोठ्या विमानतळांवर तिचा दर ठरविण्याचें काम २००८ च्या कायद्यानें स्थापन झालेलें एक प्राधिकरण करतें. परंतु ‘मोठा’ याची कायद्यांतली व्याख्या २०१९ पासून वर्षाला ३५ लाखांहून अधिक उतारू अशी आहे. आपल्यासारख्या ठिकाणाला त्या पंक्तींत पाट मिळणें कठीणच. २०२१ च्या दुरुस्तीनें मात्र एक वाट मोकळी केली. नफ्यांतला एक विमानतळ आणि तोट्यांतले लहान विमानतळ यांचा गट करून त्यांचे दर एकत्र ठरवितां येतात. कमावत्या थोरल्या भावानें धाकट्याच्या शिक्षणास हातभार लावावा, तसाच हा प्रकार.

याच तत्त्वावर २०१६ सालीं ‘उडान’ योजना निघाली. सुमारें तासाभराच्या प्रवासाच्या कांहीं ठराविक जागांचें भाडें २,५०० रुपयांच्या आंत ठेवावें आणि कंपनीची तूट तीन वर्षें भरून द्यावी, अशी ती योजना. ह्या तुटीसाठीं मोठ्या मार्गांवरील प्रत्येक उड्डाणावर आरंभीं अंतराप्रमाणें ७,५०० ते ८,५०० रुपये आकार बसविण्यांत आला. १८० आसनांचें विमान पूर्ण भरलें असें धरल्यास हा आकार दरडोई ४२ ते ४७ रुपये पडतो. म्हणजे मुंबईहून दिल्लीस जाणारा उतारू नकळत लहान गांवाच्या विमानाला मदत करीत होता. तुटीचा कांहीं वांटा राज्य सरकारांनींही उचलावयाचा होता. शिवाय अशा उड्डाणांना लहान विमानतळावर उतरण्याचें व थांबण्याचें शुल्क माफ केलेलें असे. विमान येई खरें, पण त्यापासून विमानतळाच्या पेटींत फारसें कांहीं पडत नसे.

त्याचा परिणाम आपल्या शेजारींच दिसला. सिंधुदुर्गांतील चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं सुरू झाला. धावपट्टी २,५०० मीटरांची. लोकांचा आनंद गगनांत मावेना. परंतु तीन वर्षांची मुदत २०२४ च्या ऑक्टोबरांत संपली आणि त्या योजनेखालील मुंबईची विमानसेवा खंडित झाली. इमारत होती, पट्टी होती, दिवे होते. नव्हतें तें मुंबईचें विमान. यावरून रत्नागिरीकरांनीं एवढा बोध घ्यावा कीं विमानतळ बांधणें हें एक काम आहे आणि तो चालविणें हें दुसरें. पहिल्यासाठीं एकदां पैसा लागतो, दुसऱ्यासाठीं रोज.

मग रोजचा पैसा उतारूकडून मिळेल काय? आपण फळ्यावर हिशेब मांडूं. समजा, रत्नागिरीहून रोज एक विमान सुटलें आणि त्यांतून ५० उतारू गेले. प्रत्येकाकडून १५० रुपये घेतले तर दिवसाचे ७,५०० आणि वर्षाचे २७,३७,५०० रुपये होतात. रक्कम ऐकावयास बरी वाटते. परंतु चोवीस तासांच्या पाळ्या चालवावयाच्या असल्यास आठ-दहा माणसांच्या पगारांतच ती संपून जाईल. नवी इमारत किंवा लांब धावपट्टी तिच्यांतून होणें नाहीं. शुल्क दसपट करावें, तर १,५०० रुपये ऐकून उतारू निमूटपणें रेल्वेच्या खिडकीकडे वळेल, आणि ५० चे २० झाले म्हणजे कंपनी विमान बंद करील, व विमानाबरोबर उत्पन्नही जाईल. लहान विमानतळाची खरी अडचण ही अशी आहे. जेथें गरज अधिक तेथें खर्च वांटून घ्यावयास माणसें थोडीं.

तरीही हें शुल्क निरुपयोगी आहे असें मी म्हणत नाहीं. अमेरिकेंत १९९० च्या कायद्यानें विमानतळांना दर उतारूमागें ३ डॉलरपर्यंत शुल्क घेण्याची मुभा मिळाली. २००० सालीं ती मर्यादा साडेचार डॉलर झाली. कोणत्या कामासाठीं पैसा हवा तें आधीं सांगून मंजुरी घ्यावी लागते, आणि पैसा त्याच कामाला लावावा लागतो. आयर्लंडच्या पश्चिमेस नॉक नांवाचें एक खेडें आहे. तेथील धर्मगुरु जेम्स होरान यांनीं दलदलीच्या डोंगरमाथ्यावर विमानतळ बांधावयास घेतला. सरकारनें मदत मध्येंच थांबविली, तेव्हां ह्या गृहस्थानें वर्गण्या जमविल्या, सोडती काढल्या, आणि १९८६ सालीं विमानतळ रीतसर खुला झाला. पुढें तेथून निघणाऱ्या प्रौढ उतारूकडून १० युरो विकासशुल्क घेण्याची वहिवाट पडली. परदेशीं कामाला गेलेलीं त्या भागांतलीं माणसें घरीं येतांजातांना तें भरीत. आपल्या चाकरमान्यांची मला येथें आठवण होते. गणपतीला गांवीं येण्यासाठीं हीं माणसें काय काय सोसतात हें मी सांगावयास नकोच.

परंतु आपल्याच देशांतली एक हकिकत विसरून चालणार नाहीं. २००९ सालीं मुंबईच्या विमानतळावर विकासशुल्क म्हणून अंतर्देशीय उतारूकडून १०० आणि परदेशीं जाणाऱ्याकडून ६०० रुपये घेण्यास सुरुवात झाली. दिल्लीसही तसेंच झालें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. २०११ च्या एप्रिलांत न्यायालयानें निर्णय दिला कीं हें शुल्क मिळालेल्या सेवेचें मोल नसून पुढें व्हावयाच्या बांधकामासाठीं घेतलेला पैसा आहे. म्हणून कायद्यानें नेमलेल्या प्राधिकरणानें दर ठरविल्यावांचून तो घेतां येणार नाहीं. हा निर्णय सामान्य माणसानेंही समजून घेण्यासारखा आहे. आज दिलेल्या सोयीचा मोबदला आणि उद्यांच्या सोयीसाठीं आगाऊ वर्गणी, ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला अधिक बंधनें हवींत.

तीं बंधनें कोणतीं, हें मला एका शाळेनें शिकविलें. मी तेथें कांहीं वर्षें नोकरी केली. तिचें नांव सांगत नाहीं. मुलांकडून दरमहा ५ रुपये इमारत-निधि घेतला जाई. पावती मिळे, इमारत मिळेना. एके दिवशीं एक मच्छिमार पालक मजकडे आले आणि म्हणाले, ‘गुरुजी, थोरला पांचवींत होता तेव्हांपासून भरतों आहे. तो शिकून बोटीवर गेला, आतां धाकटा दहावींत आहे. वर्ग गळतो तो गळतोच. पैसे गेले कुठें?’ मला उत्तर देतां आलें नाहीं; त्यांच्याकडे वर मान करून पाहण्याचीही मला लाज वाटली. चौकशी केली तेव्हां समजलें कीं कोणीं चोरी केलेली नव्हती. निधीचें आणि नित्य खर्चाचें खातें एकच होतें, आणि वीज, खडू, किरकोळ दुरुस्ती यांत पैसा दरवर्षीं विरघळून जात होता. मग आम्हीं चार शिक्षकांनीं आग्रह धरला. निधीचें खातें वेगळें झालें, महिन्याची शिल्लक फळ्यावर लिहिली जाऊं लागली, आणि छप्पर झाल्यावर निधि बंद करावयाचा असें ठरलें. तीन वर्षांत छप्पर झालें, आणि निधि खरोखरच बंद झाला. ते पालक छप्पर पाहावयास आले होते. त्यांच्या थोरल्याला मात्र त्या छपराखालीं बसावयास मिळालें नाहीं, ही गोष्ट माझ्या मनांतून अद्याप गेलेली नाहीं.

तेव्हां रत्नागिरीच्या विमानतळावर उद्यां शुल्क बसलेंच, तर माझें मागणें थोडें आहे. कामाचें नांव आणि अंदाजी रक्कम आधीं जाहीर व्हावी. पैशाचें खातें वेगळें असावें, आणि जमाखर्च दर तिमाहीस विमानतळाच्या दारावर मराठींत लावावा. काम पुरें होतांच शुल्क थांबावें. दुसरें काम निघाल्यास पुन्हां विचारून घ्यावें. आणि रेल्वेच्या अंतरासारखें तें भाड्यांत दडवूं नये. तिकिटावर स्वच्छ छापावें.

यावर कोणी विचारील, ‘विमानांत बसणारे ते सुखवस्तु. त्यांनींच सगळा खर्च कां करूं नये? एस. टी.च्या उतारूनें कररूपानें त्यांचा भार कां वाहावा?’ हा आक्षेप मला मोलाचा वाटतो, आणि अर्धा मान्यही आहे. बसावयाच्या खुर्च्या, वातानुकूल कक्ष, सामानाची सोय, हीं उतारूच्या सुखाचीं कामें. त्यांचा खर्च उतारूनेंच द्यावा. परंतु धावपट्टी, अग्निशामक दल, रात्रीचे दिवे, हीं केवळ त्याच्यासाठीं नाहींत. अत्यवस्थ रोग्याला मुंबईस नेणारें विमान त्याच पट्टीवरून उठेल. वादळांत किनाऱ्यावरचे लोक संकटांत सांपडले तर मदत तेथेंच उतरेल, आणि तटरक्षक दलाला तर ती रोजच लागते. जें सर्वांच्या उपयोगाचें, त्याचा खर्च सर्वांच्या तिजोरींतून व्हावा. एवढी विभागणी नीट झाली तर उतारूवर पडणारा भार हलका राहील आणि त्याला तो अन्यायाचा वाटणार नाहीं.

आमच्या आळींतल्या मुलांना मी अजून उत्तर दिलेलें नाहीं. मात्र विमान येईल त्या दिवशीं तिकीट कोणीं काढलें तरी त्यावरचा प्रत्येक आंकडा वाचून पाहा, आणि हा पैसा कशाला, असें विचारावयास लाजूं नका, एवढें त्यांना सांगून ठेवलें आहे. आपण सर्वांनींही तेंच करावें अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.