खर्च कुणाचा, जोखीम कुणाची?

परदेशी व्यापार हा विषय घेऊन बी.कॉम., एम.कॉम. करणाऱ्या मुलांना मी हमखास एक प्रश्न घालतो. नाशिकची द्राक्षं ‘सीआयएफ रॉटरडॅम’ या अटीवर, म्हणजे रॉटरडॅमपर्यंतचं भाडं आणि विमा विक्रेत्याकडे ठेवून, विकली. भर समुद्रात वादळात कंटेनर वाहून गेला. नुकसान कुणाचं? मुलं म्हणतात, ‘विक्रेत्याचं. भाडं त्यानं भरलंय, विमा त्यानं काढलाय!’ चूक. न्हावा-शेवा बंदरात माल जहाजावर चढला, तिथंच जोखीम खरेदीदाराकडे गेली. विम्याचे पैसे मागायचे तेही त्यानंच.

अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोनं 1817 साली उदाहरणादाखल मांडलेलं इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाइन मुलांना तोंडपाठ असते. असू द्या, हवीच. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी टेबलावर रिकार्डो येत नाही, करार येतो.

आपल्याकडे लग्नाच्या याद्या होतात ना? कार्यालय कुणाचं, वऱ्हाडाची गाडी कुणाची, मानपान किती, सगळं मांडवापूर्वीच कागदावर. सीआयएफसारख्या अटींना इन्कोटर्म्स म्हणतात; त्या म्हणजे व्यापारातल्या याद्याच. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सनं त्या 1936 मध्ये पहिल्यांदा केल्या. सध्या 2020ची आवृत्ती चालते. एफओबी म्हणजे वऱ्हाड आम्ही गाडीत बसवून देऊ, गाडीभाडं तुमचं. सीआयएफ म्हणजे गाडीभाडंही आमचं, विमाही आमचा. पण गाडीत चढल्यापासून दागिन्यांचा डबा सांभाळायचा तुम्ही! आणि याद्या न वाचता सही करणारा व्याही मग भर मांडवात रुसून बसतो, तसा आपला पदवीधर.

म्हणून पुन्हा सांगतो, कंटाळलात तरी चालेल: खर्च कुठपर्यंत, हा एक प्रश्न. जोखीम कुठपर्यंत, हा दुसरा. सीआयएफमध्ये दोन्हींची उत्तरं वेगळी येतात.

कंटेनरचा माल तर जहाजावर चढण्याआधी यार्डातच आपल्या हातून जातो, म्हणून तिथं एफओबीपेक्षा एफसीए, म्हणजे माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम संपते ती अट, बरी... पण त्यात शिरलो तर वेळ पुरणार नाही. एलसीचंही, म्हणजे बँकेच्या पतपत्राचंही, राहिलंच. एवढंच ध्यानात ठेवा, बँक द्राक्षं बघत नाही, कागद बघते. कागद चुकला की पैसे अडकले.

तेव्हा प्राध्यापकहो, वर्षातून एकदा तरी एक करार, एक बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) आणि एक एलसी वर्गात ओळ न् ओळ वाचून घ्या. आणि मुलांनो, ते दोन प्रश्न वेगवेगळे विचारल्याशिवाय कुठल्याही करारावर सही करू नका.