उन्हाळी भाजीचे रोप

रथसप्तमी झाली, पहाटेची थंडी ओसरू लागली, की परसात उन्हाळी भाजीची तयारी करावी. याहून घाई केली तर मिरचीचे बी देशावरच्या गार मातीत नुसते पडून राहते. होळीपर्यंत रेंगाळलात तर कोवळी रोपे ऐन उन्हात सापडतात.

डब्यातले बी जिवंत आहे का, ते आधी पाहा. ओल्या फडक्यात दहा बिया गुंडाळून उबेला ठेवा नि आठवड्याने मोजा. मिरचीला चार दिवस जास्त द्या. सहा-सात रुजल्या तर ठीक. वांग्या-टोमॅटोचे बी कोरडे ठेवले तर तीन-चार वर्षे टिकते. कांद्याचे मात्र वर्षा-दीड वर्षातच निकामी होऊ लागते.

आता खरी अडचण सांगतो. बी छान उगवतं, वाफा हिरवागार दिसतो, आणि एका सकाळी पाहावं तर निम्मी रोपं आडवी! कोणी म्हणतं दृष्ट लागली, कोणी बीवाल्याला बोल लावतं. एक रोप उपटून पाहा. मातीलगतचा देठ मऊ पडून दोऱ्यासारखा बारीक झालेला असतो. ही बुरशीची करणी. आणि तिला आवतण आपणच देतो, दाट पेरून आणि संध्याकाळी झारी रिकामी करून. पडलेले रोप पुन्हा उठत नाही. नवे बी टाकावे, तर तोवर तीन आठवडे गेलेले असतात. म्हणून वाफा जमिनीपेक्षा सहा-आठ बोटे उंच करा. चार-चार बोटांवर रेघा ओढून बी विरळ टाका, वर अर्धा बोट माती. पाणी सकाळीच, तेही वरची माती सुकू लागल्यावर. वर झाकलेले गोणपाट पहिले कोंब दिसताच काढा, नाहीतर रोपे पांढुरकी नि लांबट होतात.

काकडी, दोडका, कारली यांच्या मुळांना हलवलेले सोसत नाही. त्यांचे बी आळ्यातच टोचावे. जागा रिकामी नसेल तर पानांच्या द्रोणात एकेक बी लावून पुढे द्रोणासकट मातीत बसवावे. कारल्याचे बी टणक, ते रात्रभर भिजत घाला.

वांगी-टोमॅटोची रोपे चार-पाच आठवड्यांत लावणीला येतात, मिरचीची सहा. आधीचे चार दिवस पाणी तोडावे म्हणजे रोप काटक होते. उपटण्यापूर्वी तासभर मात्र वाफा भिजवावा. लावणी ऊन कलल्यावर करा, आणि दोन-तीन दुपारी कडुलिंबाच्या डहाळीची सावली धरा.