डोंगर, दोर आणि दप्तर

गिर्यारोहण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते हिमाच्छादित शिखर आणि त्यावर निशाण रोवणारा वीर. त्या वीराच्या मागे दोर सांभाळणारा सोबती असतो, हेही आपण जाणतो. परंतु या दोघांच्याही मागे, शहरातील एखाद्या अरुंद खोलीत, कपाटाची किल्ली खिशात ठेवून वह्या भरीत बसलेला एक चिटणीस असतो, याची आठवण क्वचितच कोणास होते. गिर्यारोहण संस्था चालते कशी आणि आपल्या सभासदांना ती देते काय, याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत. बेळगावातील एका लहानशा मंडळाची चिटणिशी मी बारा वर्षे केली, एवढाच माझा अधिकार.

अशा संस्थांचा इतिहास फार जुना नाही. जगातील पहिली गिर्यारोहण संस्था, अल्पाइन क्लब, १८५७ च्या डिसेंबरात लंडन येथे स्थापन झाली. तिच्यात प्रवेश मिळविण्यासाठी उमेदवाराला आपल्या चढायांची यादी सादर करावी लागे. ती पुरेशी भारदस्त नसेल तर दार बंद. आल्प्सच्या पायथ्याशी राहणाऱ्या लोकांनी मात्र निराळी वाट धरली. १८६२ साली व्हिएन्नात, १८६३ साली स्वित्झर्लंड व इटलीत आणि १८६९ साली म्यूनिक येथे ज्या संस्था निघाल्या, त्यांनी डोंगरावर प्रेम करणाऱ्या सामान्य माणसाला आत घेतले आणि त्याच्या वर्गणीतून पर्वतात निवारे बांधले, वाटा आखल्या, त्यांवर खुणा रंगविल्या. स्विस संस्थेने तर स्थापनेच्याच वर्षी टोडी पर्वतावर आपली पहिली झोपडी उभी केली. म्यूनिकच्या संस्थेचे सभासद आज दहा लाखांहून अधिक आहेत आणि सभासदत्वाबरोबरच त्यांना पर्वतातील सुटकेच्या खर्चाचा विमाही मिळतो. पहिल्या पद्धतीत सभासदत्व हा मान होता. दुसऱ्या पद्धतीत ती परस्परांची तरतूद झाली.

आपल्या देशात १७ फेब्रुवारी १९२८ रोजी हिमालयन क्लबची स्थापना झाली. आज या संस्थेचे कार्यालय मुंबईत आहे. तिने ग्रंथालय उभारले, १९२९ पासून वार्षिक काढले, ठिकठिकाणी मानद स्थानिक चिटणीस नेमले, सभासदांना तंबू व सामान भाड्याने मिळण्याची सोय केली. परंतु तिची सर्वांत मोलाची सेवा, माझ्या मते, जे तिचे सभासद नव्हते अशा लोकांसाठी होती. दार्जिलिंगच्या स्थानिक चिटणिसांनी शेर्पांची नोंदवही ठेविली. प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येकाजवळ स्वतःची पुस्तिका, आणि मोहीम संपली की नायकाने तीत शेरा लिहावयाचा. १९३४ साली नंगा पर्बतावरील वादळात तीन जर्मन गिर्यारोहकांबरोबर सहा शेर्पा गेले. गिर्यारोहकांची नावे जगभर छापली जातात. परंतु ओझेवाल्याचे नाव, गाव आणि वारस कोण, हे कोणी आधी लिहून ठेवले असेल तरच त्याच्या घरापर्यंत मदत पोहोचते. नोंदवहीचे खरे मोल अशा वेळी कळते.

आणि तरीही वहीवर आंधळा विश्वास ठेवू नये, हेही याच इतिहासाने शिकविले आहे. १९३५ साली एव्हरेस्टच्या मोहिमेसाठी एरिक शिप्टन दार्जिलिंगला माणसे निवडीत होते. रांगेत एक तरुण उभा होता. पूर्वीच्या कामाचा एकही दाखला त्याच्याजवळ नव्हता. त्याच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहून शिप्टन यांनी त्याला घेतले. तो तरुण म्हणजे तेनसिंग. १९५३ साली तो कोठे पोहोचला, हे सांगावयास नको. म्हणून नोंदवहीत नव्या माणसासाठी शेवटचे पान नेहमी कोरे असावे.

आता माझ्या स्वतःच्या वहीची कथा सांगतो. आरंभी आमच्या मंडळाला वही नव्हतीच. सगळे मित्रच, लिहावयाचे काय? एका श्रावणात आमचे सहा जण चोर्ल्याच्या बाजूच्या रानात गेले. रात्री चौघे परतले. दोघे दुसऱ्या ओहोळाने उतरतो म्हणून मागे राहिले होते, ते आलेच नाहीत. अकराच्या सुमारास त्यांतील एकाचे वडील माझ्या दारात उभे. पावसाने निथळत होते. म्हणाले, “अहो, तुम्ही चिटणीस ना? मग आमचा पोरगा कुठल्या डोंगरात आहे ते सांगा की!” मला सांगता आले नाही. कोण कोण गेले, कोणत्या वाटेने, किती वाजता परतणार होते, यांतले काहीही माझ्याजवळ लिहिलेले नव्हते. ते गृहस्थ पहाटेपर्यंत माझ्या ओसरीवर बसून होते आणि मी त्यांच्या समोर. एकमेकांशी आम्ही फारसे बोललो नाही. सकाळी दुधाच्या गाडीतून दोन्ही मुले सुखरूप आली. आनंद झालाच, पण त्या रात्रीची लाज मनातून गेली नाही. दुपारी बाजारात जाऊन दोनशे पानांची वही आणली.

त्या वहीचे तीन भाग केले. पहिला जाण्यायेण्याचा: नावे, वाट, परतण्याची वेळ, रक्तगट, घरचा दूरध्वनी, आणि ठरल्या वेळेनंतर किती तासांनी शोधास निघावयाचे, तो आकडा. आज प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी असतो हे खरे. परंतु घाटातल्या दरीत तो मुका होतो, तेव्हा घरी ठेवलेला कागदच बोलतो. दुसरा भाग साहित्याचा: कोणता दोर केव्हा घेतला, कोणी नेला, त्याला झटका बसला काय. तिसरा भाग हिशेबाचा.

यांपैकी दुसऱ्या भागाची एक हकिगत सांगण्याजोगी आहे. नायलॉनचा दोर मोठा फसवा असतो. उन्हाने, आम्लाच्या थेंबाने, जबर झटक्याने तो आतून दुबळा होतो आणि वरून मात्र नवा दिसतो. न वापरलेला दोरसुद्धा दहा वर्षांनंतर बाद करावा, असे बनविणारेच सांगतात. आमच्याजवळ असा एक चांगला दोर होता. किंमत बारा हजार, आणि आमची वर्गणी वर्षाला तीनशे रुपये. म्हणजे चाळीस सभासदांची वर्षाची पुंजी त्या एका वेटोळ्यात. एकदा एका विद्यार्थी सभासदाने तो परत आणला, नीट गुंडाळलेला, स्वच्छ. परंतु वहीत त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते: ‘चिखलात रुतलेली जीप या दोराने ओढली.’ त्याने लिहिले नसते तर कोणाला कळले असते? पुढच्याच रविवारी त्या दोरावर नवशिकी मुले कड्यावरून उतरणार होती.

समितीत दोन तट पडले. दंड करावा, असे काहींचे म्हणणे. आणि दोराचा गैरवापर झाला होता, यात शंका नव्हती. त्या वेळी मी एवढेच म्हणालो, की आज याला दंड केलात, तर उद्याचा दुसरा मुलगा जीप ओढील आणि लिहिणार नाही. शेवटी दोर कापून त्याचे तुकडे सामान बांधण्यास दिले, मुलाला दंड केला नाही, आणि नव्या दोरासाठी सर्वांनी जादा वर्गणी काढली. त्या मुलाने आपण होऊन दुप्पट दिली. त्यानंतर आमच्या वहीतील नोंदी अधिक खऱ्या होऊ लागल्या, असा माझा अनुभव आहे.

श्रोतेहो, संस्था सभासदाला काय देते, असा प्रश्न वर्गणी मागताना हमखास विचारला जातो. दोर, तंबू, पुस्तके, शिक्षण हे सारे ती देतेच. पण त्याहून मोठी गोष्ट ती देते: आपण अमुक ठिकाणी गेलो आहोत आणि परत येण्याची कोणीतरी वाट पाहत आहे, ही खात्री. आपल्या गावी डोंगरात जाणाऱ्या तरुणांचे मंडळ असेल तर त्यांच्या शिखरांची यादी अवश्य पाहा. मात्र तिच्या आधी त्यांची वही मागा. त्यांच्याबरोबर ओझे वाहणाऱ्या गावकऱ्याचे नाव तीत आहे काय, तेही पाहा. आणि वहीच नसेल, तर रागावू नका. एक विकत घेऊन त्यांना द्या. माझ्यासारखी ओसरीवरची रात्र कोणा चिटणिसाला, आणि त्याहून अधिक कोणा वडिलांना, काढावी लागू नये.