नरक्या : पर्जन्यवनातील रसायनाचा प्रवास



लखनौच्या जानकीपुरम विस्तार भागात केंद्रीय औषधी संशोधन संस्थेचे संकुल आहे. १९५१ साली छत्तर मंझिल या नवाबी वास्तूत सुरू झालेली ही संस्था नंतर येथे आली. हा परिसर मैदानी. पर्जन्यवन येथून शेकडो कोस दूर. तथापि, वनस्पतिजन्य औषधांचा विषय निघाला की त्या वनांकडे वळावेच लागते.

उष्ण कटिबंधीय पर्जन्यवनात कीटकांना व बुरशींना थोपवून धरणारा कडक हिवाळा नसतो. जागचे हलू न शकणारे झाड अल्कलॉइड, टॅनिन, राळ अशा द्रव्यांनी आपले रक्षण करते. वनाचे थर, आधारमुळे, पाणी निथळवणारी टोकदार पाने हे सारे पाठ्यपुस्तकांत असते; ही रासायनिक बाजू मात्र चार ओळींत आटोपली जाते.

सह्याद्रीच्या सदाहरित व निमसदाहरित वनांत, मोठ्या वृक्षांच्या छायेत, 'नरक्या' हे लहानसे झाड वाढते. फुलांच्या दुर्गंधीमुळे त्यास हे नाव पडले. कोठे 'घाणेरा', तर कोठे चक्क 'अमृता'ही म्हणतात. ही दोन्ही टोके त्याला शोभतात. त्यात कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड असते. १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी ते प्रथम एका चिनी वृक्षातून वेगळे केले. १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांनी ते नरक्यातही असल्याचे दाखविले. म्हणजे वाणींच्या जन्मभूमीतील डोंगरांतच हे द्रव्य दडलेले होते!

डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकराच्या कार्यात ते अडथळा आणते. त्यामुळे वेगाने विभागणाऱ्या पेशी मरतात. मूळ द्रव्य फार विषारी ठरले. त्यापासून सिद्ध केलेल्या टोपोटेकान व इरिनोटेकान या औषधांना १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. अंडाशय, फुप्फुस व मोठे आतडे यांच्या कर्करोगांत ती वापरली जातात.

परंतु लाकडात हे द्रव्य सामान्यतः शेकडा एकाहूनही कमी असते. साहजिकच मागणी वाढताच झाडे समूळ तोडली गेली, तुकडे करून पोती भरली गेली. तोडणाऱ्याच्या हाती मजुरी पडली, मूल्य मात्र दूरवर निर्माण झाले. २००२ चा जैविक विविधता कायदा स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समित्यांची आणि लाभाच्या न्याय्य वाटपाची तरतूद करतो. अडचण व्यवहारात आहे : पोत्यातील तुकडा मालकीच्या रानातला की राखीव वनातला, हे नाक्यावर ओळखणार कसे? तोडीच्या जागीच नोंद झाल्याखेरीज हा कायदा कागदावरच राहील.

२००५ मध्ये याच झाडाच्या ऊतींत राहणाऱ्या एका बुरशीपासून कॅम्प्टोथेसिन मिळाल्याचे भारतीय संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्यामुळे कुऱ्हाडीविना उत्पादनाची आशा निर्माण झाली. मात्र प्रयोगशाळेत अशा बुरशी पिढ्यानपिढ्या वाढविल्या की त्यांची ही क्षमता घटत जाते, असा अनुभव आहे. आणि नवी बुरशी मिळवायची तर पुन्हा नरक्याच्या झाडापाशीच जावे लागते.